तापणे आणि तपणे

मराठीत उष्णतेसाठी असलेल्या शब्दांची यादी करायला बसले की वही पुरत नाही. ऊब, आच, धग, झळ, चटका, उकाडा, काहिली, होरपळ हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. ऊब हवीशी असते, आच सोसण्याजोगी असते, झळ दुरून लागते आणि धग जवळ उभे राहिल्याखेरीज कळत नाही. उद्धव शेळके यांनी १९६० साली आपल्या कादंबरीला ‘धग’ हे नाव दिले तेव्हा त्यांनी या सगळ्या शब्दांतून नेमका एक निवडला होता. तो विदर्भातल्या लेखकानेच निवडावा, हेही स्वाभाविक आहे. या यादीत ‘ताप’ या शब्दाची गंमत काही वेगळीच. तो आजार आहे, उपद्रव आहे, समर्थांनी ‘दासबोधा’त विस्ताराने सांगितलेला त्रिविध तापही आहे. त्याच धातूपासून ‘तप’ आला. तवा तापतो, ऋषी तपतो. एका मात्रेच्या फरकाने भोगाचे रूपांतर साधनेत होते. हा फरक नुसता व्याकरणातला आहे की शरीरालाही तो कळतो, हा प्रश्न मला ‘हॉट योगा’ नावाच्या एका आधुनिक प्रकाराने विचारायला लावला.

प्रश्न पडण्याला भूगोलही कारण आहे. बुलढाणा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेने दोन भागांत विभागला आहे आणि आम्ही तो बोलतानाही तसाच विभागतो : घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावर; मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे पूर्णेच्या खोऱ्यात, घाटाखाली. समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीवरचे बुलढाणा शहर वऱ्हाडातले थंड ठिकाण म्हणून ओळखले जाते. मे महिन्यात राजूर घाटातून बस उतरू लागली की वळणागणिक खिडकीतला वारा बदलत जातो आणि खाली पोचेपर्यंत त्याची झळ झालेली असते. माझी नोकरी घाटावर, माहेर घाटाखाली. तिथे वैशाखात पारा बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढणे ही बातमी होत नाही. त्यामुळे पुण्यात राहणाऱ्या भाचीने, “मावशी, मी चाळीस अंशांच्या खोलीत योगासनं करते,” असे फोनवर सांगितले तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की तिची वीज गेली असावी.

प्रकार असा आहे. कोलकात्यात १९४४ साली जन्मलेले विक्रम चौधरी हे विष्णुचरण घोष यांचे शिष्य. विष्णुचरण हे परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ आणि व्यायामक्षेत्रातले मोठे नाव. चौधरी सत्तरच्या दशकात अमेरिकेत गेले आणि त्यांनी सव्वीस आसने व दोन श्वसनक्रिया यांचा नव्वद मिनिटांचा एक ठरीव क्रम रूढ केला. खोलीचे तापमान सुमारे ४०.६ अंश सेल्सिअस, आर्द्रता ४० टक्के. भारतातल्या उन्हाळ्याची नक्कल बंद खोलीत करायची आणि तीत आसने करायची. या क्रमावर त्यांनी स्वामित्वहक्क सांगितला. २०१५ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. आसनांचा क्रम ही कोणाची खासगी मालमत्ता होऊ शकत नाही, असा त्याचा आशय. दरम्यान त्यांच्यावर स्त्रियांच्या लैंगिक छळाचे गंभीर आरोप झाले, आणि २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने त्यांच्या माजी कायदेसल्लागार महिलेच्या दाव्यात त्यांच्या विरोधात कौल दिला. अनेक केंद्रांनी मग त्यांचे नाव पुसले आणि ‘हॉट योगा’ एवढेच सामान्यनाम ठेवले. गुरूचे नाव गेले, उष्णता उरली. आता या उष्णतेचे मोल तिच्या स्वतःच्या गुणांवर ठरवले पाहिजे.

मी त्या खोलीत गेले याचे कारण कुतूहल एवढेच नव्हते. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. गेली दोन वर्षे वर्गात शिकवता शिकवता छातीतून एक उष्ण लाट उठते, मानेवरून चेहऱ्यावर येते आणि मिनिटभरात कपाळ घामाने डबडबते. पाळी जाण्याच्या वयात शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते, मेंदूतले तापमानाचे नियंत्रण हळवे होते आणि किंचित वाढलेल्या उष्णतेलाही शरीर मोठ्या संकटासारखे उत्तर देते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. समजले, पण त्याने लाट थांबत नाही. साठ विद्यार्थ्यांसमोर पदर कपाळाला लावावा लागणे, पुढच्या बाकावरच्या मुलींनी एकमेकींकडे पाहणे, आणि त्या पाहण्याच्या नुसत्या कल्पनेने पुढची लाट लवकर येणे, हे सगळे मी अनुभवत होते. काही दिवस तर फळ्याकडे पाठ करून उभे राहण्याऐवजी वर्गाकडे पाठ करून उभे राहावे, म्हणून मी अकारण फळ्यावर लिहीत असे. एम.ए.च्या वर्गाला फळ्याची एवढी गरज नसते, हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक होते.

डिसेंबरात एका उजळणी वर्गासाठी तीन आठवडे पुण्यात होते. भाचीकडे मुक्काम. तिच्याबरोबर पहाटे त्या खोलीत अकरा वेळा गेले.

पहिल्या दिवशी दार उघडताच जी हवा अंगावर आली ती मला ओळखीची वाटली आणि नाहीही. आमच्या घाटाखालचे ऊन कोरडे असते. घाम येतो तो त्वचेवर दिसण्याआधीच उडून जातो. अंगावर उरते ते मीठ. या खोलीतली उष्णता दमट होती, कोकणातल्या मे महिन्यासारखी. घाम येतो आणि उडत नाही, ओघळतो. शरीर थंड होते ते घाम येण्याने नव्हे, घाम उडण्याने, हे शाळेत शिकलेले वाक्य तिथे पाऊण तासात अंगी उतरले. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. जो घाम नुसताच चटईवर टपकतो तो ही कामगिरी करीत नाही, तो फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो.

पहिले तीन दिवस मी बरीचशी शवासनातच होते. शिक्षिकेची सूचना होती की झेपले नाही तर बसा, आडवे व्हा, पण शक्यतो खोली सोडू नका. चौथ्या दिवसापासून फरक जाणवू लागला. पश्चिमोत्तानासनात माझी बोटे कित्येक वर्षे पोटरीपाशी थांबत. ती पावलांपर्यंत गेली. उष्णतेने स्नायू व त्यांची आवरणे शिथिल होतात, हे त्याचे साधे कारण. यात धोकाही असतो. तापलेले शरीर आपली खरी मर्यादा लपवते आणि सांधा सोसणार नाही इतके ताणू देते. साधारण आठवड्यानंतर छातीची धडधड कमी झाली. शरीर दहा ते चौदा दिवसांत उष्णतेला सरावते : रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते. आमच्याकडचे शेतकरी हे सगळे चैत्रात कोणतीही फी न भरता करतात, ही गोष्ट वेगळी.

शरीरापेक्षा मोठा बदल मात्र दुसरीकडे होता. त्या खोलीत तीस माणसे होती आणि तीसही जण घामाने निथळत होते. समोर भिंतभर आरसा. त्यात माझा लालबुंद चेहरा दिसत होता आणि तो इतरांसारखाच होता. आपल्याला घाम आला आहे हे कोणी पाहील, ही भीती तिथे निरर्थक होती. सातव्या की आठव्या दिवशी वृक्षासनात उभी असताना माझी ती ओळखीची लाट छातीतून उठली. खोलीच्या उष्णतेत तिला वेगळे ओळखणेही कठीण होते. मी श्वास मोजत राहिले. ती चढली, कपाळापर्यंत गेली, ओसरली. तिला थोपवण्यासाठी मी काहीच केले नाही. ती आपली आपण गेली, हे मी पहिल्यांदाच पाहिले. एरवी त्या मिनिटात मी रुमाल शोधत असे.

पुण्याहून परतल्यावर मी चरकसंहिता उघडली. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात स्वेदनाचा, म्हणजे शरीराला घाम आणण्याचा विचार आहे. अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे तेरा प्रकार सांगून झाल्यावर चरक अग्नीवाचून घाम आणणारी दहा कारणे देतो : व्यायाम, उबदार घर, जाड पांघरूण, भूक, भरपूर पान, भय, क्रोध, लेप बांधणे, युद्ध आणि ऊन. यादीतली पहिली दोन एकत्र केली की आजचा हॉट योगा तयार होतो. पण माझी नजर खिळली ती ‘भय’ या शब्दावर. वैद्याने भयाला उन्हाच्या आणि व्यायामाच्या पंक्तीला बसवले आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटू नये. भरताच्या आठ सात्त्विक भावांत ‘स्वेद’ आहेच, आणि नाट्यशास्त्रात त्याची जी कारणे दिली आहेत त्यांत क्रोध, भय, हर्ष, लज्जा, श्रम, ताप, व्यायाम असे सगळे एकत्र नांदतात. मी हे सात्त्विक भाव वीस वर्षे शिकवते आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच असे पाठ म्हणवून घेते आहे. मनाचे आणि शरीराचे असे दोन वेगळे घाम असतात, असे भरत मानत नाही; घाम एकच, दारे अनेक. माझ्या बाबतीत शरीराच्या दारातून आलेला घाम भय आणि लज्जेच्या दारातून दुप्पट होऊन येत होता. खोलीने पहिले दार बंद केले नाही, ते कोणी बंद करू शकत नाही. दुसरे दार तिने ढकलून लावले.

हा झाला एकीचा अनुभव. त्याला पुरावा म्हणता येत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले, ते योगाचे दावे उपकरणांनी तपासावेत याच हेतूने. त्या महाराष्ट्रीय परंपरेला स्मरून उपकरणे काय म्हणतात तेही पाहावे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात ब्रायन ट्रेसी यांनी तरुण प्रौढांवर आठ आठवड्यांचा प्रयोग केला. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. लवचीकता आणि तोल सुधारला, ताकद काहीशी वाढली, पण दमश्वासाची क्षमता फारशी बदलली नाही. त्यांनीच नंतर मोजले की नव्वद मिनिटांत स्त्रियांच्या सरासरी ३३० आणि पुरुषांच्या ४६० कॅलरी खर्च होतात. म्हणजे भरभर चालण्याइतक्याच. नाडीचे ठोके बरेच वाढतात. पण ते पुष्कळसे उष्णतेमुळे, श्रमामुळे नव्हे. टेक्सास स्टेट विद्यापीठाचा २०१८ मधला प्रयोग तर अधिक मार्मिक आहे. तोच आसनक्रम एका गटाने ४०.५ अंशांत आणि दुसऱ्याने २३ अंशांत बारा आठवडे केला. रक्तवाहिन्यांच्या आरोग्यात दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. गुण आसनांचा होता, हीटरचा नव्हता.

मनाच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मारेन नायर आणि सहकाऱ्यांनी मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढांवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनंतर उष्ण खोलीत योग करणाऱ्यांपैकी सुमारे साठ टक्क्यांची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटली. प्रतीक्षायादीवर ठेवलेल्या गटात हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होते. विशेष म्हणजे सहभागी सरासरी दहाच वर्गांना गेले होते, आठवड्याला एकाहून किंचित अधिक. मात्र हा अभ्यास लहान होता, आणि तुलना काहीच न करणाऱ्यांशी होती. साध्या खोलीतल्या योगाशी नव्हे. तेव्हा उष्णतेचा वाटा किती, हा प्रश्न त्याने सुटत नाही. आणि घामावाटे शरीरातली ‘विषे’ निघून जातात, हे अशा वर्गांत हमखास ऐकू येणारे वाक्य तर सोडूनच द्यावे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे मुकाट्याने करीत असतात.

आपले जुने ग्रंथ या बाबतीत काय म्हणतात? ‘हठप्रदीपिका’ प्राणायामाच्या पायऱ्या सांगताना प्रथम घाम, मग कंप आणि शेवटी स्थैर्य असा क्रम देते. आणि श्रमाने आलेला घाम पुसू नये, अंगातच जिरवावा, त्याने शरीर दृढ व हलके होते, असे सांगते. पुण्याच्या खोलीत प्रत्येकाजवळ दोन दोन टॉवेल होते. पण हा घाम आतून आलेला आहे, बाहेरून तापवून आणलेला नव्हे. ‘घेरण्डसंहिता’ तर स्पष्टच सांगते की योगाचा आरंभ ग्रीष्मात करू नये. वसंत किंवा शरद हे योग्य ऋतू. वाग्भटाच्या ऋतुचर्येत ग्रीष्मात व्यायाम आणि ऊन दोन्ही वर्ज्य आहेत. आणि ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात योगाभ्यासासाठी जी जागा कल्पिली आहे ती आठवावी : तिथले ऊनही सौम्य, शीतल वाटणारे, वारा मंद. त्याच अध्यायात पुढे कुंडलिनीच्या जागृतीचे जे वर्णन येते त्यात दाह आहे, देहातले जळून जाणे आहे, नव्या कांतीने उमलणे आहे. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. बाहेर गारवा, आत अग्नी. ‘कुमारसंभवा’तली पार्वती चार अग्नींच्या मध्ये बसून सूर्याकडे पाहते खरी, पण कालिदासाने ते असामान्य तप म्हणून रंगवले आहे, नित्याचा व्यायाम म्हणून नव्हे. आणि दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजया’तला शेगावचा प्रसंग आमच्या जिल्ह्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. अग्नी आत्म्याला जाळत नाही यावर प्रवचन करणाऱ्या गोसाव्याला महाराज जळत्या पलंगावर येऊन बसण्याचे आमंत्रण देतात. उष्णतेचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्याने तिच्याजवळ किती बसून पाहिले आहे, ही कसोटी लोककथेला चांगली कळते.

ही कसोटी मला एप्रिलमध्ये माहेरी लागली. आमच्या शेतात धसकटे वेचायला येणाऱ्या बाया पहाटे पाचला येतात आणि अकराच्या आत परततात. डोक्याला ओला दुपट्टा, कमरेला पाण्याची बाटली. ऊन डोक्यावर आले तरी तास पुरा झाल्याशिवाय हात थांबत नाहीत. निंबाखाली बसून मी पुण्याच्या खोलीची हकीकत सांगितली. हसतील असे वाटले होते. त्या हसल्या नाहीत. वयाने माझ्याएवढीच असलेली एक जण म्हणाली, “ताई, मंग जमलं नाही तं मधातच निंगता येते काय?”

येते, असे मी म्हणाले. तिने मान डोलावली आणि बाटलीतले पाणी तोंडावर मारले.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वाक्यात मिळाले. चाळीस अंश तेच, नाडीचे ठोके तसेच, घामातले मीठही तेच. पण ज्या उष्णतेतून बाहेर पडता येते ती शरीराला आणि मनाला काही शिकवू शकते. जिच्यातून पडता येत नाही ती फक्त झिजवते. ‘तपणे’ या क्रियापदात कर्त्याची इच्छा गृहीत आहे, ‘तापणे’मध्ये ती नाही. शिक्षिका खोली सोडू नका असे सांगत होती, पण दाराला कडी नव्हती, आणि त्या कडी नसण्यातच तिथल्या सगळ्या लाभांचे मूळ होते. म्हणून उन्हाळ्यात उघड्यावर राबणाऱ्या माणसांना ‘तुमचा तर रोजच हॉट योगा’ असे कौतुकाने म्हणणे मला अश्लाघ्य वाटते. त्यांना हवी आहे ती सावली, पाणी आणि दुपारची मजुरी न बुडता मिळणारी सुट्टी.

असो. ज्यांना हा प्रकार करून पाहायचा आहे त्यांना एवढेच सांगेन की गरोदरपणात, हृदयविकार असताना, पूर्वी उष्माघात झालेला असल्यास, किंवा लघवी वाढवणारी वा घाम कमी करणारी औषधे चालू असल्यास या वाटेला जाऊ नये. जायचेच तर डॉक्टरांना विचारून जावे. पाण्याबरोबर मीठही जाते, म्हणून नुसते पाणी पीत राहू नये. चक्कर, मळमळ, डोके ठणकणे, घाम अचानक थांबणे या खुणा दिसल्या तर ती साधना नव्हे, आजार आहे. चरकाने अतिस्वेद झालेल्यास ग्रीष्मचर्येतले मधुर, स्निग्ध, शीतल उपचार सांगितले आहेत. आमच्याकडे त्यालाच कैरीचे पन्हे म्हणतात.

मी आता घाटावरच्या घरात, पहाटे, गच्चीवर आसने करते. सूर्यनमस्काराचा पुरस्कार आयुष्यभर करणाऱ्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा सूर्य हा उगवतीचा होता, माध्यान्हीचा नव्हे, हे ध्यानात ठेवून. हीटर नाही, आरसा नाही. चैत्र लागला की नमस्कार निम्मे करते आणि वैशाखात फक्त शीतली आणि शवासन. लाटा येतात, पूर्वीइतक्याच येतात. परवा ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय शिकवताना एक आली. मी बोलणे थांबवले नाही आणि फळ्याकडेही वळले नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीने आपली पाण्याची बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी पाणी प्याले आणि पुढची ओवी वाचायला घेतली.